साइडपट्टीची कैफियत : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी महोदय,
जिल्हा रायगड, अलिबाग यांचे सेवेशी,



हिराकोट तलावाजवळच्या आपल्या कचेरीत रोज जे अर्ज दाखल होतात त्यांत जमिनीचे दावे असतात, सातबाऱ्यावरील नोंदींच्या तक्रारी असतात, खारभूमीच्या बांधबंदिस्तीची गाऱ्हाणी असतात, आणि प्रत्येक अर्जामागे कोणी ना कोणी आपले नाव-गाव लिहून उभा असतो. परंतु ज्या विषयासंबंधी मी हे पत्र जाहीररीत्या लिहीत आहे त्या विषयाचा अर्जदार आपल्या दारापर्यंत सहसा पोहोचतच नाही, कारण त्याला आपले गाऱ्हाणे कागदावर मांडण्याची सवय नाही. तो एके दिवशी सायकल पडवीत भिंतीला टेकवून ठेवतो, चाकांतली हवा हळूहळू उतरते, आणि तेथेच त्याची तक्रार संपते. अशा न आलेल्या अर्जांच्या वतीने मी आपणांस लिहीत आहे.

अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, उरण ही आपल्या किनारपट्टीची नगरे सायकलीसाठी निसर्गानेच अनुकूल करून ठेवली आहेत असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या सपाट पट्टीत वस्ती पसरलेली आहे. अलिबाग नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास होती आणि त्याचा विस्तार इतका आटोपशीर आहे की, एस. टी. स्थानकापासून समुद्रापर्यंत किंवा बाजारपेठेपासून न्यायालयापर्यंत, कोठूनही कोठे जावयाचे झाले तरी सायकलीस दहा मिनिटे पुष्कळ होतात. चेंढरे, वरसोली, कुरूळ ही लगतची गावे तर व्यवहारात नगराचेच भाग बनली आहेत. एका पिढीपूर्वी या मुलखात शिक्षक, कारकून, पोस्टमन, पहाटे भोंगा वाजवीत येणारा पाववाला आणि मागच्या कॅरिअरवर पाटी बांधून आगरातल्या आळ्यांतून मासळी विकणारा विक्रेता, या सर्वांचे वाहन एकच होते. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका त्या काळी सायकलीवर कर घेत, त्या कराचा पत्र्याचा बिल्ला सायकलीवर ठोकलेला असे, आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्यास पोलीस शिपाई चौकात उभा करून दंड करीत असे. त्या कराचे किंवा त्या दंडाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्याच्याकडून कर घेतला जातो त्याची नोंद दफ्तरात राहते, त्याची संख्या कारभाऱ्यांना ठाऊक असते, आणि त्याच्या सोयीगैरसोयीचा विचार कधी ना कधी करावाच लागतो. कर गेला तेव्हा सायकलस्वाराचा भार हलका झाला हे खरे, पण त्याबरोबरच तो सरकारी दफ्तरातूनही नाहीसा झाला, आणि त्यानंतर आखल्या गेलेल्या रस्त्यांत त्याच्यासाठी जागा ठेवावी असे कोणाच्याही मनात आले नाही.

लोक सायकल का सोडतात याची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात ती मी नाकारीत नाही. कोकणातला उकाडा घामाघूम करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस अंगावरचे कपडे वाळू देत नाही. खाऱ्या वाऱ्याने चेन आणि रिमा वर्षभरात गंजतात. आणि पहिल्या पगारात मोटारसायकल घेतली नाही तर मुलाने काही मिळवले असे घरच्यांनाही वाटत नाही. परंतु हाच उकाडा, हाच पाऊस आणि हाच खारा वारा मागच्या पिढीलाही होता. प्रतिष्ठेचे म्हणावे तर मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईचे हौशी सायकलस्वार आपल्या महागड्या सायकली बोटीवर चढवून सुट्टीच्या दिवशी आमच्याच रस्त्यांवर फिरावयास येतात आणि आमची मुले त्यांच्याकडे कौतुकाने पाहतात. तेव्हा सायकलीला कमीपणा चिकटला आहे हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावातील आईला आपण विचारावे की, मुलीची शाळा दोन मैलांवर असताना आणि घरात सायकल असताना ती मुलगी मिनिडोर रिक्षात दाटीवाटीने बसून का जाते; उत्तरात ऊन येणार नाही, पाऊस येणार नाही, "रस्ता बघितलात का?" एवढाच प्रतिप्रश्न येईल. त्या प्रतिप्रश्नात जी भीती आहे तीच या विषयाचे मूळ आहे; आणि ती भीती रस्ते बांधणाऱ्यांनी, हेतू नसताना का होईना, निर्माण केलेली असल्यामुळे ती दूर करणेही त्यांच्याच हाती आहे, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहिले आहे.

अलिबागहून आक्षीचा पूल ओलांडून नागाव, चौल, रेवदंडा असा जो रस्ता जातो त्याची कड आपण एकदा पायी चालत पाहावी अशी माझी विनंती आहे. मोटारीत बसलेल्याला ही कड दिसत नाही. त्याला मधला काळा गुळगुळीत भाग दिसतो आणि तो पाहून रस्ता चांगला झाला असे त्याचे मत होते. परंतु दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नव्या डांबराचा थर चढत गेल्याने रस्त्याची पाठ उंच होत गेली आहे आणि तिच्या शेजारची साइडपट्टी जेथल्या तेथेच राहिली आहे. त्यामुळे डांबराची कड आणि खालची माती यांत कोठे चार बोटांची तर कोठे वीतभर पायरी तयार झाली आहे. उन्हाळ्यात त्या पायरीखाली बारीक वाळू आणि सुटी खडी असते, तिच्यावर सायकलीचे चाक गेले की ते आडवे सरकते. पावसाळ्यात तीच पायरी गवताखाली झाकली जाते आणि गवताखाली दगड आहे, चिखल आहे की गटाराचे तोंड आहे हे पडल्याशिवाय कळत नाही. पुढे वाड्यांचे गडगे सुरू झाले की साइडपट्टीच संपते. एका बाजूला सुपारीच्या वाडीचा दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला धावती मोटार, आणि मध्ये जेमतेम हातभर जागा. मागून मोठी गाडी हॉर्न वाजवीत आली म्हणजे सायकलस्वाराने काय करावयाचे? डांबरावर राहिला तर गाडीखाली जाण्याची धास्ती, आणि खाली उतरावे तर त्या पायरीवरून हँडल वळवताच तोल जाण्याची. ज्याचे वय विशीपंचविशीचे आहे आणि ज्याचे हात-पाय धड आहेत तो हा निर्णय क्षणात घेतो. दहा वर्षांचे मूल, साठीचा वृद्ध, पाठीवर दप्तर आणि पुढच्या बास्केटमध्ये डबा असलेली आठवीतली मुलगी यांनी तो रोज, प्रत्येक गाडीमागे, पुन्हा पुन्हा घ्यावा अशी अपेक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही.

आमच्या आळीतील अशीच एक मुलगी गेल्या पावसाळ्यात त्या कडेवरून खाली गेली. इजा मोठी झाली नाही. कोपर आणि गुडघा सोलला, वह्या भिजल्या. मात्र मागची गाडी थांबली नाही, हे तिच्या वडिलांच्या मनाला लागले आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद झाली. तिच्या प्रवासाचा वाढीव खर्च त्या घराने सोसला. पण शाळेनंतर मैत्रिणीकडे जाणे, वाचनालयात थांबणे, वाटेत आजीच्या घरी डोकावणे, हे जे तिचे स्वातंत्र्य त्या दोन चाकांवर होते ते मिनिडोरच्या वेळेत बसणारे नव्हते, आणि ते गेले. राज्य शासन मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देते. ही योजना स्तुत्य आहे आणि तिच्यामुळे कित्येक मुलींची शाळा टिकली आहे. त्याच शासनाने त्या सायकलीस लागणारी हातभर सुरक्षित जागाही द्यावी, एवढीच यापुढची अपेक्षा आहे.

शनिवार-रविवारचा प्रकार आपणांस माझ्याइतकाच परिचित असेल. वडखळहून पोयनाड, कार्लेखिंडीमार्गे येणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्यावरून आणि मांडव्याच्या धक्क्यावरून उतरलेल्या मोटारींचा जो लोंढा येतो तो चोंढीपासून अलिबागच्या महावीर चौकापर्यंत आणि पुढे काशीद-मुरुडपर्यंत सर्व रस्ते व्यापून टाकतो. पर्यटनावर येथील शेकडो घरे चालतात, खानावळी चालतात, वाड्यांतल्या खोल्या भरतात. तेव्हा पाहुण्यांनी येऊ नये असे मी म्हणणार नाही. परंतु पाहुण्यांसाठी रस्ता रुंद करताना यजमानांच्या मुलांची चालण्याची आणि सायकलीची जागा त्यातच गिळली जाते, हे रुंदीकरणाच्या प्रत्येक तजविजीत घडत आले आहे आणि त्याची दखल घेणारा रकाना अंदाजपत्रकात नाही.

रकान्याचा विषय निघाला म्हणून एक बाब जरा तपशिलाने मांडतो. रस्त्यांचे शास्त्र आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांवर चालते. त्या संस्थेने १९६२ साली सायकल-मार्गांविषयी एक संकेतपुस्तिका काढली आणि २०१५ साली तिची सुधारित आवृत्ती आणली. जुन्या पुस्तिकेत असे म्हटले होते की, ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला शंभर ते दोनशे मोटारगाड्या जातात तेथे त्या तासात चारशे सायकली असतील तर स्वतंत्र सायकल-मार्ग करावा, आणि मोटारी दोनशेहून अधिक असतील तर शंभर सायकली असल्या तरी तो करणे उचित ठरेल. त्या काळाच्या मानाने हा विचार उदार होता. पण आज तोच न्याय लावला तर काय होते ते पाहा : मोटारी वाढल्या म्हणून सायकलस्वार घाबरून हटले; सायकलस्वार हटले म्हणून मोजणीच्या दिवशी ते दिसले नाहीत; दिसले नाहीत म्हणून मार्गाची गरज सिद्ध झाली नाही; आणि मार्ग झाला नाही म्हणून उरलेलेही हटले. शिवाय वाहतुकीच्या मोजणीत प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत एक अंक दिला जातो, आणि खेड्यांकडच्या रस्त्यांसाठी १९९० साली ठरलेल्या कोष्टकात सायकलीचा अंक अर्धा आहे; हा अंक ते वाहन इतरांच्या गतीला किती अडथळा करते याचा असतो. ज्या मोजमापात माणूस केवळ अडथळ्याच्या रूपाने नोंदला जातो त्या मोजमापातून त्याच्या सुरक्षिततेची चिंता कशी निघावी? म्हणून माझी पहिली मागणी मोजणीसंबंधी आहे. आज किती सायकली धावतात एवढेच न मोजता, प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत किती घरांत सायकल आहे आणि ती का वापरली जात नाही, हे विचारून त्याची नोंद व्हावी. तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्यामार्फत हे काम एका महिन्यात होण्यासारखे आहे.

याच अलिबागेत प्रशासनाच्या दूरदृष्टीचा एक पुरावा शंभर वर्षांहून अधिक काळ उभा आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांच्या सुया त्या विजेने विचलित होतील हे ध्यानात घेऊन सरकारने तेथील भूचुंबकीय निरीक्षणाचे काम अलिबागेस हलविले. १९०४ पासून येथील वेधशाळेत नोंदी होऊ लागल्या, आणि तिच्या बांधकामात लोखंड येऊ नये याचीही दक्षता घेतली गेली. एका नव्या वाहनाचा परिणाम दूरच्या एका नाजूक सुईवर काय होईल याचा विचार वाहन रस्त्यावर येण्यापूर्वी झाला, खर्च मंजूर झाला, जागा निवडली गेली. ज्या गावाने ही काळजी प्रत्यक्ष पाहिली आहे त्या गावातील माणसाने आपल्या मुलांच्या बाबतीत तशाच पूर्वविचाराची अपेक्षा केली तर ती अवाजवी ठरू नये.

परदेशचे उदाहरण एकच देतो, कारण ते आमच्याशी मिळतेजुळते आहे. नेदरलँड्स हा देश समुद्रसपाटीचा, खाड्या-बंधाऱ्यांचा. परंतु तेथेही १९५० नंतर मोटारी वाढल्या, सायकली मागे हटल्या, आणि १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली लेख लिहिला, त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली, पुढल्याच वर्षीच्या तेलटंचाईने तिला बळ दिले, आणि सरकारने धोरण बदलले. आज त्या देशाकडे सायकलींचा देश म्हणून पाहिले जाते ते त्या लोकांच्या अंगात जन्मतः काही निराळे असल्यामुळे नव्हे, तर वेळेवर बदललेल्या रस्त्यांमुळे. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात चार हजारांहून अधिक सायकलस्वार देशभर रस्त्यांवर दगावल्याची नोंद केंद्र शासनाच्याच अहवालात आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. चेंढऱ्याहून निघालेला सायकलस्वार महावीर चौकातून कुरूळपर्यंत येतो, तेवढ्या अल्प अंतरात तो राष्ट्रीय महामार्ग, नगरपरिषदेचा रस्ता, सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता आणि ग्रामपंचायतीची हद्द यांतून जातो, आणि यांपैकी प्रत्येक कचेरीत त्याने गटाराच्या जाळीची तक्रार नेली तर ती जाळी दुसऱ्या कचेरीची असल्याचे त्याला सांगितले जाण्याची शक्यता असते. मी कोणा एका खात्यास दोष देत नाही. इलाखे वाटलेले असले की असेच व्हावयाचे. परंतु या सर्वांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असा जिल्ह्यात एकच अधिकारी आहे आणि तो आपण आहात. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिवपद आपल्याकडे आहे आणि रस्ता सुरक्षेच्या बैठकाही आपल्याच कचेरीत होतात. कायद्याचा आधारही आहे : २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३८ (१ अ) आले, आणि पादचारी व बिनयांत्रिक वाहने यांच्या संबंधात नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला; ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करावेत असा आदेश सर्व राज्यांना दिला. राज्याचे नियम जिल्ह्यात उतरविण्याची जबाबदारी शेवटी आपल्याच कचेरीवर येणार आहे. किनारपट्टीच्या जिल्ह्याच्या गरजा काय आहेत हे शासनास आपण होऊन कळविले तर त्या नियमांत साइडपट्टीचा उल्लेख येऊ शकेल.

आणि मग सर्वांत निकडीची गोष्ट. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग चार दशके बहुतांशी कागदावर राहिला. आता त्यातील खाड्यांवरचे मोठे पूल हाती घेतले गेले आहेत आणि धरमतर खाडीवरचा रेवस-करंजा पूल त्यांपैकी प्रमुख आहे. आजमितीस रेवसच्या धक्क्यावरून करंजास जाणाऱ्या लाँचमध्ये माणसे चढतात, टोपल्या चढतात, आणि सायकलही चढते. तांडेल किंवा खलाशी हात देतो, सायकल कठड्याला टेकवली जाते, आणि थोड्या वेळात उरणचा किनारा येतो. पूल झाला की ही लाँच किती काळ चालेल हे सांगावयास ज्योतिषी नको. तेव्हा पुलावर सायकलीस मज्जाव झाला तर आज गरिबाला जो मार्ग उपलब्ध आहे तोच बंद होईल, आणि खाडीला वळसा घालून वडखळमार्गे रोज जाणे सायकलीने शक्य नाही. ही धास्ती निराधार नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, शिवडीपासून आपल्या जिल्ह्यातील न्हावाशेव्यापर्यंत आलेला सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू हा देशाच्या अभिमानाचा विषय आहे. त्यावर सायकलच काय, मोटारसायकलीसही प्रवेश नाही. खुल्या समुद्रावरच्या त्या द्रुतगती मार्गासाठी तो निर्णय कदाचित समर्थनीय असेल. पण रेवस आणि करंजा ही एकाच आगरी-कोळी मुलखाची दोन टोके आहेत. या काठच्या लेकी त्या काठी दिलेल्या आहेत, इकडची मासळी आणि भाजी तिकडच्या बाजारात जाते. येथील पूल हा गावाचा पूल आहे आणि त्यावर सायकलीस व पायी चालणाऱ्यास कठड्याने वेगळी केलेली पट्टी असलीच पाहिजे. पुलाचे बांधकाम चालू असताना ही पट्टी बसवणे आणि तो पुरा झाल्यावर तिची मागणी करणे यांत किती अंतर आहे हे साळावच्या पुलावरून जीव मुठीत धरून पलीकडे जाणारा कोणीही सांगेल.

बाकीच्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना मोठा निधी लागत नाही. डांबराचा नवा थर देण्याच्या प्रत्येक निविदेत साइडपट्टी त्याच पातळीला आणून दाबून देण्याचे कलम असावे आणि ते काम झाल्याखेरीज ठेकेदाराचे अखेरचे बिल निघू नये. गटारांवरच्या ज्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या आहेत, ज्यांत सायकलीचे चाक अडकते, त्या आडव्या फिरवून बसवाव्यात. एस. टी. स्थानक, मांडव्याचा धक्का, तहसील कचेरी आणि प्रत्येक माध्यमिक शाळा येथे पावसापासून आडोसा असलेला, साखळी लावता येईल असा सायकल-स्टँड असावा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी जड वाहनांना गावांतून जाण्यास मनाई करण्याचा अधिकार आपणांस आहेच.

पाहणीसाठी आपण आलात तर कृपया एक शनिवार आणि एक कामाचा दिवस असे दोन दिवस ठेवावेत. कामाच्या दिवशी सायंकाळी शाळा सुटण्याच्या सुमारास नागावपासून चौलपर्यंत यावे, आणि शक्य असल्यास पावसाळा संपण्यापूर्वी यावे, म्हणजे कडेचे गवत कापलेले नसेल. रेवस-करंजा पुलाचा आडवा छेद दाखवणारा नकाशा उरण आणि अलिबाग या दोन्ही तहसील कचेऱ्यांत नागरिकांना पाहण्यासाठी लावण्याचा हुकूम मात्र पाहणीची वाट न पाहता व्हावा, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
नागाव येथील एक रहिवासी